सामाईक भिंत

दिवाळीचे आकाशकंदील उतरले, की आमच्या शहाद्यात वांगी भाजायला सुरुवात होते. भरताची वांगी वेगळी. हिरवट पांढरी, लांबोडकी, हातात धरली तर मनगटापर्यंत येणारी. ती भाजायची कपाशीच्या वाळक्या काड्यांवर. काडी झटकन पेटते, उंच जळते आणि लवकर विझते. तेवढ्या वेळात वांग्याची साल करपते, आतला गर मऊ होतो आणि त्याला एक धुराचा वास लागतो. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो वास येत नाही, म्हणून आमच्याकडे त्याला कोणी भरीत म्हणत नाही.

यंदाही तो वास आला. शाळा सुटल्यावर एसटी स्टँडच्या वळणावरून घरी चालले होते. उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडे निघाले होते, रस्त्यात चिपाडं पडली होती, थंडी अंगावर येईल न येईल अशी होती. आणि धूर आला. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "चला, भरीत सुरू झालं." त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं असणार. मी मात्र जागच्या जागी थांबून तो धूर नीट हुंगला. काड्यांचाच आहे ना, कापसाचा नाही ना, एवढं पाहिलं आणि मगच पुढे पाऊल टाकलं. दर हिवाळ्यात पहिल्या धुराला मी अशी थांबते. बरोबरच्या माणसाला कळतही नाही.

माझे अब्बा पिंजारी होते. बाजारपेठेत त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. आमच्या घरात दोन पिढ्या आधी खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरत, दारात बसून कापूस पिंजून देत. अब्बांनी दुकान घातलं, मशीन आणलं, पण हिवाळ्याची घाई तीच राहिली. लग्नसराई आणि थंडी एकदमच यायची. सारंगखेड्याकडची, तापीकाठची शेतकरी मंडळी घरचा कापूस पोत्यात भरून आणायची आणि लेकीच्या रुखवतासाठी गाद्या भरून न्यायची. अब्बांच्या भुवयांवर, पापण्यांवर पांढरी रुई बसलेली असायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे वडील हिवाळ्यात म्हातारे होतात आणि उन्हाळ्यात पुन्हा तरुण.

शेजारी सुदामअण्णांचं हॉटेल. हॉटेल म्हणजे लाकडी बाकं, पत्र्याचं छप्पर, मागे चुली आणि पुढे गल्ल्यावर अण्णा. अण्णा पाटलांच्या घरातले, घरी तापीकाठी शेती होती, पण भावांच्या वाटण्या झाल्यावर त्यांनी हे सुरू केलं. भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी, ठेचा. बाकी काही मिळायचं नाही. बदली होऊन आलेले साहेब, कॉलेजची पोरं, सुरतेकडे केळी नेणारे ड्रायव्हर, सगळे तिथं जेवायचे. अण्णांची बायको, आमची सुमनकाकू, मागे भाकऱ्या थापायची.

दोन्ही दुकानांत भिंत एकच. जुन्या मालकानं एका लांब खोलीचे दोन भाग करून विकले होते, आणि मधली एकेरी विटांची भिंत दोघांची सामाईक. तिकडे चूल पेटली, की इकडे भिंत कोमट व्हायची. अब्बा सकाळी तिला पाठ टेकून चहा प्यायचे. इकडे मशीन सुरू झालं, की तिकडे भांडी थरथरायची, आणि अण्णा ओरडून विचारायचे, "भाई, भूकंप उना का?" अब्बा इकडून म्हणायचे, "जेवनारासले सांग, फुकट शे." आमच्या घरात अहिराणीच बोलतात. शाळेतली मराठी मी घरात बोलले, तर अब्बा म्हणायचे, बाई आल्या, सावरून बसा.

काही वर्षांपूर्वी, अशाच हिवाळ्याच्या सुरुवातीला, एका दुपारी आग लागली.

मी नववीच्या वर्गावर होते. शिपाई दारात आला आणि नुसता माझ्याकडे पाहत राहिला. मी खडू ठेवला आणि निघाले. बाजारपेठेच्या तोंडाशी इतकी गर्दी होती की मला धूर दिसत होता, पण दुकान दिसत नव्हतं. नगरपालिकेचा बंब आला होता. पाणी कमी पडलं, तेव्हा शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरला लावलेले टँकर आणले. लोक खरंच धावले. कोणाच्या जिवाला काही झालं नाही, एवढं देवानं पाहिलं. अब्बा दुपारच्या नमाजाला गेले होते. हॉटेलातली जेवणाची वेळ टळून गेली होती, अण्णा आणि कामाची माणसं मागच्या अंगणात जेवत बसली होती. म्हणजे आग लागली तेव्हा ती दोन्ही दुकानांत पाहणारं कोणी नव्हतं.

गर्दीतून पुढे गेले तेव्हा अब्बा आणि अण्णा रस्त्याच्या पलीकडे शेजारी शेजारी उभे होते. अब्बांच्या डोक्यावर टोपी तशीच होती. अण्णांच्या हातात पाण्याची रिकामी कळशी होती, ती त्यांनी खाली ठेवली नव्हती. मधली भिंत कोसळली होती आणि दोन्ही दुकानांची पुन्हा एक लांब खोली झाली होती.

पत्रे, बाकं, मशीन, सगळं गेलं. हॉटेलचा भाग संध्याकाळपर्यंत थंड झाला. आमचा झाला नाही. कापूस लवकर विझत नाही. वरून काळा, गार दिसतो आणि आत धुमसत राहतो. पुढचे दोन-तीन दिवस अब्बा काठीनं ढीग उकरायचे, पाणी मारायचे, आणि पुन्हा कुठून तरी धुराची बारीक रेघ वर यायची.

पंचनामा झाला. कारण समजून येत नाही, असं त्यात लिहिलं. गावाला मात्र कारण लगेच समजलं. अर्धं गाव म्हणायचं, चुलीची ठिणगी. अर्धं म्हणायचं, मशीनची वायर. आमच्या दारात आलेली माणसं पहिलं सांगायची, अण्णांच्या दारात गेलेली दुसरं. कोणी म्हणे, खांबावरच्या तारा वाऱ्यानं एकमेकींना लागल्या. त्या दोघांनी यातलं काहीच म्हटलं नाही. एकमेकांना विचारलंही नाही.

अण्णांचा मुलगा नितीन पुण्यात कंपनीत आहे. तो आला, जळलेलं पाहून उंबऱ्यावरच बसला, आणि दोन दिवसांनी परत जाताना म्हणाला की आता ऑनलाइन वर्गणी काढता येते. आपली अडचण लिहायची, फोटो लावायचा, लोक जमेल तसं देतात. या हॉटेलात जेवलेली माणसं कुठं कुठं आहेत, त्यांना नुसतं कळायचा अवकाश आहे.

अण्णा नाही म्हणाले. ते काय म्हणाले, हे मला काकूनं नंतर सांगितलं, आणि मी अजूनही त्याचा विचार करते. ते म्हणाले, मी प्रत्येक ताटाचे पैसे घेतले आहेत. लोक जेवले, पैसे दिले, उठून गेले. त्यांच्याकडे माझं काही येणं राहिलेलं नाही. शाळा पडली तर गाव बांधतं, देऊळ पडलं तर बांधतं, ते सगळ्यांचं असतं. हॉटेल माझं. नफा झाला तेव्हा मी कोणाला वाटायला गेलो नव्हतो.

काकू म्हणाली, "आनि मन्ह्या बाया?" भाकऱ्या करणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, वांगी सोलणाऱ्या बायका आणि चुलीवरची माणसं, सगळी घरी बसली होती. त्यांचं कोणी काही विचारत नव्हतं.

त्याच संध्याकाळी अण्णा आमच्या घरी आले. अब्बा खाटेवर होते. अण्णांनी चहा घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बेटा, तुले चांगली मराठी येस. तू लिखी दे."

मी अब्बांकडे पाहिलं. अण्णांनीही पाहिलं, आणि घाईनं म्हणाले, "दोन्हीसनं लिख. तुन्हा बापनं बी."

अब्बा हसले. आगीनंतर पहिल्यांदाच. "हाटेलनं लिख," ते म्हणाले. "आपलं ऱ्हाऊ दे. भरीत लोकेसले याद ऱ्हास. गादी कोन याद करस? तिनावर लोके झोपी जातस."

अण्णाही हसले. तेवढ्यावर तो विषय तिथं मिटला.

मी लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. मागायचं कसं, हे आम्हाला शाळेत कोणी शिकवलेलं नव्हतं, आणि मीही कोणाला शिकवलेलं नव्हतं. आमच्याकडे खेड्यात झोपडं जळलं, तर घरटी एक बांबू, कुडासाठी पेंढीभर काड्या, पायलीभर ज्वारी यायची. तेही मागणंच होतं. पण तिथं देणारा घेणाऱ्याचं तोंड ओळखत असे, आणि उद्या त्याच्यावर वेळ आली तर याला जावं लागे. इथं मी ज्यांना लिहीत होते, ते कोण, कुठं, मला माहीत नव्हतं. त्यांच्यावर वेळ आली, तर अण्णा त्यांच्याकडे कुठं जाणार होते? मी बरंच खोडलं. शेवटी हॉटेलात काय काय होतं, तेच लिहिलं. बाकं, चुली, लाकडी बडगीत भरीत कुटल्याचा धप धप आवाज, बायकांची नावं. आणि लिहिलं, आग लागली आणि हे सगळं गेलं.

नितीनचा फोन आला. "ताई, छान झालंय. पण आग कशी लागली ते लिहावं लागेल. लोक पहिलं तेच विचारतात."

"कारण कळलेलं नाही. पंचनाम्यातही तसंच आहे."

"म्हणजे लोक समजणार, हॉटेलवाल्याचाच निष्काळजीपणा. मग कोण देणार?" तो थोडा थांबला. "शेजारी कापूस होता, हे तर खरं आहे ना?"

"होता," मी म्हटलं. "आणि शेजारी चूल होती, हेही खरं आहे."

तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला. मुलगा वाईट नव्हता. बापाचं हॉटेल जळलेलं त्यानं पाहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत एका सरांनी फोनवरचं ते आवाहन मोठ्यानं वाचून दाखवलं. कोणी लिहिलंय हे त्यांना माहीत होतं, म्हणून कौतुकानं वाचत होते. मध्येच त्यांचा आवाज खाली आला. "शेजारच्या कापसाच्या दुकानात लागलेल्या आगीनं पाहता पाहता आमचं हॉटेल गिळलं." ते वाक्य माझं नव्हतं. पण माझ्याच वाक्यांच्या रांगेत, त्यांच्यासारखेच कपडे घालून उभं होतं. सरांनी पुढचं मनात वाचलं आणि फोन खिशात ठेवला.

खाली लोकांनी लिहिलेलं मी घरी येऊन वाचलं. बहुतेक चांगलं होतं. कोणी लिहिलं होतं, नोकरीच्या मुलाखतीला जाताना इथं जेवलो. कोणी लिहिलं होतं, माझ्या वडिलांना शेवटच्या दिवसांत इथलंच भरीत हवं असायचं. आणि मध्ये मध्ये दुसरंही होतं. अशी दुकानं भरबाजारात कशाला ठेवतात. कोणाचं दुकान होतं ते नाव सांगा. एकानं नाव सांगितलंही होतं, आणि त्याच्या खाली लोकांनी जे लिहिलं ते मी इथं लिहीत नाही.

पैसे मात्र येत होते. भराभर येत होते.

संध्याकाळी अब्बा म्हणाले, "वाची दाखाड." मी वाचलं. त्या वाक्यापाशी आले तेव्हा न थांबता पुढच्या वाक्यावर गेले. अब्बा डोळे मिटून ऐकत होते. वाचून झालं.

"एक ऱ्हाई गयं," ते म्हणाले.

त्यांना आधीच कळलं होतं. मशिदीच्या पायरीवर कोणीतरी ऐकवलं होतं. मी फोन खाली ठेवला. मला वाटत होतं की ते चिडतील, अण्णांना नाही तर नितीनला काही बोलतील. त्यांनी आपले तळहात उलटसुलट करून पाहिले.

"खरं बी ऱ्हाई सकस," ते म्हणाले.

खरंही असू शकतं. मी अण्णांवर रागावू शकले, नितीनवर रागावू शकले, पण या वाक्याचं काय करायचं ते मला कळलं नाही. निघताना मशीनचं बटण बंद केलं होतं की नव्हतं, हे ते इतके दिवस मनात आठवून पाहत होते, हे मला त्या क्षणी समजलं.

अण्णांना फोनवरचं वाचता येत नसे. म्हणजे अक्षर येई, पण ती बारीक काच सरकवायची त्यांना सवय नव्हती. त्यांना कळायला आणखी काही दिवस गेले. कोणी ओळखीचा माणूस त्यांना धीर द्यायला आला आणि म्हणाला, बरं झालं अण्णा, खरं काय ते सांगून टाकलंत. अण्णांनी काय सांगितलं म्हणून विचारलं. मग ते तडक आमच्याकडेच आले आणि ओट्यावर उभं राहून, आम्हा सगळ्यांसमोर त्यांनी नितीनला फोन लावला.

"ते वाक्य काढी टाक," ते म्हणाले. तिकडून नितीन काहीतरी समजावत होता. अण्णांचा आवाज चढला नाही. "मी तठेच व्हतू तरी माले समजनं नई आग कोठून उनी. तुले पुनाम्हा बठी कसं समजनं?"

आणि त्यांनी सांगितलं की वर्गणी बंद कर आणि आलेले पैसे परत कर.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळच्या उन्हात ते दोघं जळक्या जोत्यावर बसले होते. मी डबा घेऊन गेले होते, म्हणून ते बोलणं माझ्या कानावर पडलं. अब्बा त्यांना परत करू नको म्हणून सांगत होते. मला ते विचित्र वाटलं. ज्याच्या नावाला काळं लागलं, तोच हे सांगत होता. अब्बांचं म्हणणं साधं होतं. हॉटेल उघडलं नाही तर बायका घरी बसतील. हॉटेल उघडलं नाही तर या गल्लीत कोणी फिरकणार नाही, आणि मग मीही दुकान कोणासाठी घालू? भरीत खायला येणारा माणूस जाता जाता गादीचा भाव विचारतो. माझं गिऱ्हाईक तुझ्याच दारातून येतं.

अण्णा म्हणाले, खोट्यावर आलेला पैसा आहे.

अब्बा म्हणाले, मग खरं सांग आणि विचार. ज्याला परत हवा त्याला दे.

तसंच केलं. या वेळी मी लिहिलं आणि नितीननं एक अक्षर न बदलता लावलं. आग कुठून लागली हे कोणालाच माहीत नाही, आधी लिहिलेलं चुकीचं होतं, ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी कळवावं. काहींनी परत मागितले. काहींनी मागितले नाहीत, पण कडवट बोलले. पुष्कळांनी काहीच उत्तर दिलं नाही, त्यांनी कदाचित वाचलंही नसेल. नितीन गावी आला, तेव्हा अब्बांना भेटायला आला. खाटेच्या पायथ्याशी बसला. दोघांनी उसाच्या भावावर गप्पा मारल्या. जाताना तो अब्बांच्या पाया पडला आणि अब्बांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. याहून जास्त त्यांच्यात काही झालं नाही, आणि मला वाटतं, होण्यासारखं आणखी काही नव्हतंही.

गवंडी आला, तेव्हा अण्णांनी त्याला पहिली भिंत मधली घालायला सांगितली. आणि दोन्ही बाजूंनी पत्रे टाकायला सांगितले. अब्बांना कळलं, तेव्हा ते चिडून गेले. पैसे भरतासाठी आले आहेत, गादीसाठी नाही, असं त्यांचं म्हणणं. अण्णा म्हणाले, भिंत आहे, तिला एकच बाजू कशी बांधू ते तू गवंड्याला शिकव. यावर दोघांचं भांडण झालं, ते गल्लीत सगळ्यांनी ऐकलं. शेवटी अब्बा म्हणाले, "भित तुन्ही. मी टेकसू फक्त." आणि आपल्या बाजूच्या पत्र्यांचे पैसे ते जमेल तसे देत राहिले, आणि अण्णा कुरकुर न करता घेत राहिले.

कोणीतरी नितीनला लिहिलंच. आम्ही हॉटेलसाठी दिले होते, दुसऱ्याच्या दुकानावर पत्रे का?

मार्गशीर्ष सरता सरता हॉटेल उघडलं. पहिल्या दिवशी गर्दी झाली, फोटो निघाले. लाकडी बाकांऐवजी प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या होत्या. एक गृहस्थ नाशिकहून गाडी करून आले. जेवले, चांगलं आहे म्हणाले, आणि मग अण्णांना म्हणाले, पण बाकं पाहिजे होती. आम्ही त्या बाकांसाठी दिले होते. अण्णा हात जोडून उभे राहिले. पूर्वी त्यांनी अशा माणसाला दोन शब्द सुनावले असते. त्या माणसानं पैसे द्यायला पाकीट काढलं, तर अण्णांना ते घेववेना. त्यालाही काय करावं कळेना. दोघंही गल्ल्यापाशी अवघडून उभे होते, आणि मागे दुसरे लोक थांबले होते. काकू मला म्हणाली, "पहिले लोके जेवाले येत. आते देखाले येतस."

हा अवघडलेपणा त्या हिवाळ्यात गेला नाही. पुढच्या हिवाळ्यात कमी झाला. देणारे हळूहळू विसरले, आणि ते विसरले तेव्हा अण्णांना पुन्हा गल्ल्यावर बसता आलं. मी कधी कधी विचार करते, की अण्णा पहिल्यांदा नाही म्हणाले होते तेच बरोबर होतं का? मग मला भाकरी थापणाऱ्या बायका आठवतात, त्या पहिल्या दिवशी नवी साडी नेसून आलेल्या. नाही, मागायला हवंच होतं. आणि तरी ज्यानं मागितलं त्याचं काहीतरी खर्ची पडलं, जे कोणी भरून देऊ शकलं नाही. या दोन गोष्टी मी मनात शेजारी शेजारी ठेवते. एकीनं दुसरी खोटी ठरत नाही.

अब्बांची छाती आधीच रुईनं भरलेली होती. आगीनंतर खोकला वाढला. आणखी दोन हिवाळे ते दुकानात बसले, नव्या भिंतीला पाठ टेकून. मग नंदुरबारच्या दवाखान्यात नेलं, परत आणलं, आणि एका सकाळी ते गेले. अण्णा जनाज्याबरोबर कबरस्तानापर्यंत चालत गेले. त्यांचे गुडघे दुखत असत. खांदा द्यायला पुढे झाले, तेव्हा माझ्या चुलतभावांनी त्यांना जागा करून दिली.

चाळिसाव्या दिवसानंतर ते एकदा घरी आले. अब्बांच्या खाटेवर बसायला सांगितलं, तर खालीच बसले. खाटेच्या कडेवर हात ठेवून म्हणाले, "मी तेले कधी इचारं नई."

काय ते मला सांगावं लागलं नाही. "त्यांनीही तुम्हाला विचारलं नाही," मी म्हटलं.

"हा," ते म्हणाले. "तेन्ही बी नई."

आता दुकानात माझा चुलतभाऊ फोमच्या गाद्या विकतो. कापूस भरायला वर्षाकाठी एखादंच पोतं येतं.

यंदाच्या थंडीत, भरीत नुकतंच सुरू झालं होतं, तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याला अवकाळी वादळ झालं. गारा पडल्या. तळोद्यात बरेच पत्रे उडाले. त्यानंतर काही दिवसांनी अण्णा माझ्या दारात आले, बरोबर एक जोडपं होतं. रमिला आणि दिलीप. तळोद्यात, डोंगरातल्या गावांना जाणाऱ्या जीप जिथं थांबतात, तिथं त्यांची छोटी खाणावळ होती. कचेरीच्या कामाला खाली उतरलेली माणसं तिथं जेवायची. छप्पर गेलं, एक भिंत पडली, भांडी वाहून गेली. ती दोघं घरी डोंगराकडची पावरी बोली बोलतात. माझ्याशी जपून, पुस्तकातल्यासारखी मराठी बोलत होती. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, शहाद्याला एका हॉटेलवाल्यानं असे पैसे जमवले होते, त्यांना विचारा.

"तुम्ही काय सांगितलंत?" मी अण्णांना विचारलं.

"मांगा म्हणून सांगं," अण्णा म्हणाले. "पैसा येस. मंग पैसाना मांगे मांगे लोके बी येतस. तयारी ठेवा, हाई बी सांगं." मग माझ्याकडे बोट करून त्या दोघांना म्हणाले, "लिखी हाई दी."

मी चहा ठेवला. कागद घेतला. रमिला सांगत गेली आणि मी मध्ये मध्ये विचारत गेले. काय शिजवता, कोण येतं, सकाळी किती वाजता चूल पेटवता. ती आधी अडखळत होती, मग डाळीचं, भाकरीचं सांगताना सुटी झाली. दिलीप फोनवर पडलेल्या भिंतीचे फोटो दाखवत होता. एका फोटोत कडेला, चिखलात, दुसऱ्याच कोणाच्या तरी टपरीचा सांगाडा होता.

"हे कोणाचं?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "चपला शिवणारे काका आहेत," रमिला म्हणाली. "आमच्या शेजारी. त्यांचं तर काहीच राहिलं नाही."

"त्यांचंही लिहायचं का?"

"आम्ही विचारलं होतं," दिलीप म्हणाला. "ते म्हणाले, तुमचं लिहा. माझं राहू द्या."

अण्णा दाराकडे पाहत होते. बाहेर ऊन उतरलं होतं. मी पेन खाली ठेवलं.

"आज काही लिहायला नको," मी म्हटलं. "तुम्ही परत जा आणि त्यांना पुन्हा विचारा."

"ते नाहीच म्हणतील, ताई."

"म्हणतील," मी म्हटलं. "मग आणखी एकदा विचारा."